भावंडं किती

“भावंडं किती तुम्हाला?” कागदावरची मान वर न करता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि यादव बोरस्तेनं “कुणी नाही” असं सांगून टाकलं. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. दचकला तो यादवच. वय वर्षं चोपन्न, पाटबंधारे खात्यात आरेखक, धरणांचे नकाशे काढण्यात तीस वर्षं गेलेली. खोटं बोलणाऱ्यांतला तो नव्हता, फार तर खरं न बोलणाऱ्यांतला. आणि आज, चष्म्याचा नंबर बदलायचा म्हणून नाशकात कॉलेज रोडवरच्या या दवाखान्यात आलेला असताना, लासलगावात कांद्याचं खळं चालवणारा, पाच वर्षांनी थोरला, सख्खा, हयात भाऊ त्यानं एका शब्दात नाहीसा केला होता. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते बरं. दहा वर्षं जे मनात घोळत होतं ते अखेर कुणीतरी शाईनं लिहून घेतलं, असं बरं.

“वडलांना डोळ्यांचं काही?” “मोतीबिंदू होता. पिकलाच नाही. पिकायची वाट बघता बघता आंधळे झाले.” आता मात्र बाईंनी पेन खाली ठेवलं. “वाट बघायला कुणी सांगितलं?” “गावाकडं असंच असतं,” यादव म्हणाला आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसला. बाई वयानं त्याच्या मुलीएवढ्या, पण बोलणं शाळामास्तरणीचं. “मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येते हो, पिको न पिको. तुमच्या वडलांना नुसता मोतीबिंदू नसणार. तुम्हाला आहे तेच असणार. काचबिंदू.” मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत दाब वाढतो, नस हळूहळू सुकते, दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलं ते गेलं, राहिलं ते थेंबांनी राखायचं, जन्मभर. “आणि तुमच्यासारख्यांत हे घरातून आलेलं असतं. भावंडं नाहीत ते एका परीनं बरंच. असती तर म्हटलं असतं, आजच्या आज पाठवा. सख्ख्या भावंडाला धोका इतरांच्या कितीतरी पट.” यादवनं मान हलवली. मग न राहवून विचारलं, “धुळीनं नाही होत?” “कसली धूळ?” “कांद्याची. वडील खळ्यावर बसायचे. सहा वर्षं.” “धुळीनं डोळे लाल होतात, चुरचुरतात. नस सुकत नाही.” “पण रोजची धूळ, सकाळ-संध्याकाळ...” “नाही हो,” बाई म्हणाल्या, आणि त्या ‘नाही हो’नं यादवच्या आत दहा वर्षं उभं असलेलं काहीतरी ढासळलं. आपल्याला आंधळेपणाचा रोग आहे हे ऐकताना ढासळलं नव्हतं ते.

हातात त्यांनी एक छापलेला कागद दिला होता. मघाशी अंधाऱ्या खोलीत त्याला एका पांढऱ्या मोठ्या वाटीत तोंड घालून बसवलं होतं. मध्ये बघत राहायचं, कुठंही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. यादवनं मोठ्या इमानानं बटण दाबलं होतं, आपल्याला पैकीच्या पैकी मिळणार अशा खात्रीनं. आता कागदावर डाव्या डोळ्याचा डावीकडचा एक तृतीयांश भाग काळा होता. नकाशे काढणाऱ्याला हा कागद वाचून दाखवायची गरज नव्हती. धरणाच्या नकाशात बुडीत क्षेत्र असंच दाखवतात. आधी नाल्याच्या कडेनं, मग शेतांत, मग गावठाणाला टेकून. जन्मभर त्यानं दुसऱ्यांची गावं बुडवली होती आणि पाण्याची रेघ एका हातानं ओढताना दुसऱ्या हातानं चहा प्यायला होता. उठताना बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला. “लाल डोळ्यांवर वडील काही टाकत होते का? मेडिकलमधून आणून?” “हो. भा... घरचे आणायचे.” “त्यातली काही औषधं महिनोन्महिने टाकली तर दाब वाढवतात. तसंही असेल. थोडं रक्तातलं, थोडं बाटलीतलं. आता कोण सांगणार?” कोण सांगणार म्हणजे काय, यादव सांगणार होता! जिना उतरेपर्यंत ढासळलेलं पुन्हा उभं राहिलं. बाटल्या थोरल्या भावानं, नाथानं, आणल्या होत्या.

२००४ सालचा तो फेब्रुवारी महिना. कॉलेज रोडवर पोरापोरींच्या गाड्यांचा कलकलाट होता, आणि आजपर्यंत डावीकडून अंगावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला यादवनं मनातल्या मनात आईबापावरून शिव्या दिल्या होत्या, की हॉर्न देत नाहीत, शिस्त नाही, शहराचा उकिरडा झाला. आता कळत होतं की गाड्या रीतसर येत होत्या, तोच बघत नव्हता. एवढं मान्य करून माणूस गप्प बसला असता. पण यादवला चालता चालता वडील, आबाच दिसायला लागले. खळ्याच्या फाटकाशी टाकलेली खाट, तिच्यावर बसलेले आबा, समोर ओळीनं बसून कांदा निवडणाऱ्या बाया, आणि उन्हाच्या तिरपेत उडणारी ती तांबूस टरफलं, ती धूळ. आबांच्या भुवयांवर, मिशीवर, धोतराच्या चुण्यांत धूळ. डोळे लालभडक. दिवाळीला गेलं की यादव खाटेसमोर उभा राही आणि आबा मान आधी इकडं, मग तिकडं वळवून त्याला शोधत, मग सापडला की हसत. एकदा म्हणालेही होते, “म्होरलं दिसतं रं यादव, बगलंचं कुनी खाऊन टाकल्यागत झालंय.” रोगाचं सगळं वर्णन त्या निरक्षर माणसानं एका वाक्यात केलं होतं, कॉलेज रोडच्या बाईंपेक्षा सोपं. आणि यादवनं उत्तर काय दिलं होतं? “दादाला सांगतो, तुमची खाट आत घ्यायला.”

खाट आत गेली नाही. आबांनाच आत बसवत नव्हतं. बायांशी बोलायला मिळतं म्हणून ते फाटकाशीच बसत. पण यादवच्या हिशेबी खाट बाहेर राहिली ती नाथामुळं. नाथाला राखणदाराचा पगार वाचवायचा होता. नाथानं बाप धुळीत बसवला. नाथानं बापाचे डोळे घालवले. या तीन वाक्यांवर यादवचा राग उभा होता, आणि राग चांगला भक्कम होता. त्याच्यावर कुणाचं काही चालत नसे, बायकोचं, लताचंसुद्धा. चौऱ्याण्णव साली आबा गेले. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड मांडला, माणसं लांब सरून बसली, आणि कावळा काही शिवेना. झाडावर सात-आठ बसलेले, पण खाली उतरायला एक तयार नाही. ऊन चढलं. ज्याला जे सुचलं ते तो बोलू लागला. नाथा पिंडासमोर हात जोडून म्हणाला, “आबा, यादवला अंतर देनार नाय.” कावळा हलला नाही. चंद्रभागावहिनी म्हणाली, “मामंजी, तुमची गाय इकणार नाय.” नाही. मग शिकलेला, नाशकात राहणारा, कावळ्यावर काडीचा विश्वास नसलेला यादव उठला आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, “आबांचा जीव डोळ्यांत अडकलाय. धुळीत बसवून ज्यानं त्यांचे डोळे घालवले त्यानं ते कबूल करावं.” आणि शब्द तोंडातून पडतो न पडतो तोच एक कावळा खाली उतरला, पिंडाला चोच मारली आणि भात घेऊन उडाला.

झालं. कोर्टकचेरीत वीस वर्षं जे झालं नसतं ते एका पाखरानं दोन घटकांत केलं. माणसं नाथाकडं बघू लागली. म्हातारी धोंडाबाई, आबांची चुलत बहीण, त्यांना गेणू म्हणणारी, कपाळाला हात लावून म्हणाली, “गेणूनं साक्ष दिली गं बाई.”  खाली बघून नाथानं पायातला काटा काढल्यासारखं काहीतरी केलं आणि तो ओढ्याकडे निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मुलीच्या, वैष्णवीच्या लग्नाची पत्रिका लासलगावला गेली नाही, नाथाच्या नातवाच्या बारशाचं बोलावणं नाशकाला आलं नाही. लोकांना सांगताना यादव कावळ्याचा भाग गाळायचा, कारण तो अंधश्रद्धा मानणारा माणूस नव्हता. मनात मात्र तो कावळा त्यानं कधीच उडू दिला नव्हता.

घरी येऊन त्यानं लताला सगळं सांगितलं. फक्त आडवी रेघ सांगितली नाही. लताबाईनं कागद उलटसुलट करून बघितला, डोळे पुसले आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: “भाऊजींना कळवायला हवं.” “कळवतो.” “कधी?” “कळवतो म्हटलं ना.” महिना गेला. सकाळी सातला आणि रात्री नवाला ती त्याच्या डोळ्यांत थेंब टाकायची, आणि थेंब टाकताना माणूस आडवा आणि गप्प असतो याचा फायदा घेऊन रोज विचारायची. वैष्णवीला तिनं स्वतः नेऊन तपासून आणलं, ठीक निघाली. “आता तेवढं भाऊजींचं.” यादव म्हणायचा, “त्याला कशाला काय होतंय? त्याच्या अंगात बापाचं रक्त असतं तर बापाला असं ठेवलं असतं का?” बोलायला वाक्य झकास होतं. पण रात्री उशीवर डोकं टेकलं की वाक्य उलटं होऊन यायचं. रक्त असलं तर? रक्ताचंच असलं तर धूळ निर्दोष. धूळ निर्दोष तर खाट निर्दोष, आणि खाट निर्दोष तर नाथा. दहा वर्षं ज्या माणसाचा द्वेष केला त्याला आता रोगाची बातमी द्यायची म्हणजे त्याच्या हातात निकालाची प्रत द्यायची. इतका मोठा माणूस यादव नव्हता, आणि व्हायची त्याला इच्छाही नव्हती. म्हणून तो बाटल्यांना धरून बसला. लाल डोळ्यांच्या त्या बाटल्या नाथा मेडिकलमधून डझनानं आणायचा. धुळीनं डोळे लाल झाले, लाल झाले म्हणून बाटली आली, बाटलीनं दाब वाढला. साखळी कशी नीट जुळत होती. ऑफिसात बुडीत क्षेत्राच्या कडा रंगवताना तो ही साखळी पुन्हा पुन्हा ओवायचा, एकेक कडी ठोकून बघायचा. एक कडी मात्र नेहमी हातातून सुटायची.

ती कडी म्हणजे एक अंतर्देशीय पत्र. साल नव्वद. नाथानं कुणाकडून तरी लिहवून पाठवलं होतं की गावात डोळ्यांचं शिबिर आहे, मोठ्या गावचे डॉक्टर येणार आहेत, आबांना दाखवतो, तुझं काय मत? नाथा चौथीतून शाळा सोडलेला. धाकट्या शिकलेल्या भावाला विचारल्याशिवाय त्यानं कधी बैलसुद्धा घेतला नाही. यादवनं ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला विचारलं, कारण त्याच्या सासूचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. चहा संपेपर्यंत चौकशी संपली. मग त्याच्या सुंदर, एकसारख्या, आरेखकाच्या अक्षरात पत्र गेलं: येथे जाणकारांकडे सविस्तर विचारणा केली, मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, तूर्त दाखवण्याची घाई करू नये. शिबिराची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली होती म्हणे, आणि नाथानं यादवचं पत्र दाखवून ती परत पाठवली होती. मोठ्या अभिमानानं, की माझा भाऊ नाशकात असतो. त्या दिवशी एखाद्या डॉक्टरानं आबांच्या डोळ्यांत नुसतं डोकावलं असतं तरी. इथपर्यंत आलं की यादव उठून पाणी प्यायचा. दहाव्याला, चारचौघांत, नाथानं त्या पत्राचं नाव काढायला हवं होतं. काढलं असतं तर भांडण झालं असतं, बरोबरीचं भांडण, आणि कदाचित दोघे रडलेही असते. तो गप्प बसला. यादवला त्याच्या सगळ्या अपराधांत हाच सर्वांत मोठा वाटायचा.

जूनमध्ये त्यानं एकदा खळ्यावर फोन लावला. “हॅलो. कोन?” नाथाचा आवाज, मागं बायांचा गलका. यादवनं फोन ठेवून दिला. मग लताला सांगितलं, “लागत नाही.” ऑक्टोबरात पुन्हा त्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून तपासणी झाली. थेंब चालू असूनही कागदावरचं काळं पाणी थोडं चढलं होतं. बाईंनी बाटली बदलली, दुसरी एक वाढवली. कागद घेऊन रस्त्यावर आल्यावर यादवच्या डोक्यात हिशेब झाला: मला थेंब असून आठ महिन्यांत एवढं, तर नाथाला, वय एकोणसाठ, थेंब नाहीत, काही नाही, किती झालं असेल? आणि तो विचार जिभेवर गोड लागला. अगदी उसाच्या कांडीएवढा गोड. यादव फुटपाथवर थांबला. आजूबाजूनं माणसं त्याला वळसा घालून जात होती. आपल्याला भाऊ आंधळा झालेला हवा आहे. आठ महिने आपण विसरत नव्हतो, टाळत नव्हतो, घाबरत नव्हतो. आपण वाट बघत होतो, पिकायची. त्याला स्वतःची शिसारी आली, पण गोडी काही जाईना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो लासलगावच्या गाडीत बसला. लताला वाटलं, सांगायला निघाले. तिनं पेढ्यांचा पुडा दिला. यादवलाही एसटी सुटेपर्यंत तसंच वाटत होतं. निफाड मागं पडलं तेव्हा तो स्वतःशी खरं बोलला. तो बघायला निघाला होता. बघून मग सांगायचं की नाही ते ठरवणार होता. मार्केटात लिलाव चालू होता, ट्रॅक्टरांची रांग सडकेपर्यंत आलेली. त्या रांगेच्या कडेकडेनं, डावा खांदा सांभाळत, तो खळ्याच्या फाटकाशी आला. बाया निवडत होत्या. तीच धूळ. फाटकाशी खाट नव्हती, खुर्ची होती, आणि खुर्चीत नाथा बसलेला, केस पांढरे, खांद्यावर पंचा. यादव समोर जाऊन उभा राहिला. नाथानं मान आधी इकडं, मग तिकडं वळवली, मग तो सापडला, आणि नाथा हसला.

“यादव?” तो म्हणाला. “ये. बस. चंद्रभागा, चहा टाक गं, यादव आलाय.” दहा वर्षांत जणू काही झालंच नव्हतं, असं. यादवला ते हसू सहन झालं नाही, उभ्या उभ्याच त्याच्या तोंडून पडलं, “दादा, आबांना मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. रक्तातून येतो. मला झालाय. तू तपासून घे.” बोलून झालं आणि त्यालाच आश्चर्य वाटलं. नाथानं पंच्यानं तोंड पुसलं. “मला ठावं हाय,” तो म्हणाला. “सहा वर्सं झाली. मनमाडला एक डॉक्टर हाय, त्यानं हुडकून काढलं. थेंब टाकतो रोज. उजवा गेला. डावा हाय थोडा.”

बायांपैकी कुणीतरी हसलं, कसल्याशा दुसऱ्याच गोष्टीवर. यादवला शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा हात सापडला, तो बसला. “सहा वर्षं? आणि मला...” “डॉक्टर म्हनला व्हता, भावाला सांगा म्हनून. दोनदा म्हनला.” “मग?” नाथानं तोंड बायांकडं, म्हणजे बायांच्या दिशेनं, वळवलं. “तू दहाव्याला बोलला ना, धुळीनं जात्यात डोळे. कावळा बी शिवला. म्या म्हनलं, यादवच्या हापिसात कुठं हाय धूळ? त्याला कशाला होतंय?” “म्हणजे मुद्दाम?” “मुद्दाम. आता तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? लय राग व्हता. म्हनलं, होऊंदे त्याला बी. कळंदे.” एवढं म्हणून त्यानं मान खाली घातली. “चंद्रभागा रोज म्हनायची, सांगा. म्या नाय सांगितलं. पाप केलं म्या, यादव.”

यादवच्या अंगातून गरम काहीतरी सरसरत वर आलं. सहा वर्षं! सहा वर्षांपूर्वी कळतं तर डावा डोळा शाबूत राहिला असता. त्याला ओरडायचं होतं, फाटक हलवायचं होतं, सगळ्या बायांना उठवून सांगायचं होतं, बघा, हा भाऊ. हक्कच होता त्याचा. तेवढ्यात नाथानं विचारलं, “तुला कवा कळलं?” प्रश्न साधा होता, त्यात कसलाही डाव नव्हता. यादवनं तोंड उघडलं. आठ महिने त्याच्या जिभेवर येऊन उभे राहिले.

“काल,” तो म्हणाला.

“काल?” नाथा खुर्चीत पुढं सरकला. चहा घेऊन आलेल्या चंद्रभागावहिनीला तो म्हणाला, “ऐकलं का? काल कळलं, अन् आज आला. गाडी धरून आला. अन् म्या...”  वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. मग एकदम काहीतरी आठवून नाथा चाचपडत उठला, बंडीच्या खिशातून त्यानं छोटी बाटली काढली. “काल कळलं म्हंजी थेंब अजून चालू नसतील तुझे. एक दिस बी घालवू नको. माझी दुपारची येळच झालीय, आधी तुला टाकतो. मान मागं टाक.” यादव म्हणाला, “राहू दे, दादा.” “राहू दे काय? टाक म्हनलं ना.” यादवनं मान मागं टाकली. सकाळी सातला लतानं टाकलेल्या थेंबांचा कडूपणा अजून घशात होता. नाथाचा धुळीनं भरलेला अंगठा त्याच्या गालावरून चाचपत वर आला, पापणी शोधत. आधी भुवई सापडली, मग नाक, मग डोळा.

“मिटू नको,” नाथा म्हणाला. “माझ्याकडं बघ.”